शैलावहिनीचं वजाचिन्ह

शैलावहिनी गेल्यावर तिच्या शाळेतल्या शिक्षिका भेटायला आल्या होत्या. एक म्हणाली, "दीदी कितनी शांत थीं." दुसरी म्हणाली, "कभी किसी को परेशान नहीं किया." मी तिथेच बसले होते. अशा वेळी मान हलवायची असते, तशी हलवली. पण मनात म्हटलं, परेशान? या बाईने आमचं अख्खं घर, कानपूरचे एक नावाजलेले प्रोफेसर, रोडवेजचा एक कंडक्टर आणि मोठ गावच्या बाजारातला एक धान्यवाला यांचा जितका जीव खाल्ला, तितका झाशीत कुणी कुणाचा खाल्ला नसेल. आणि शांत तर ती होतीच. तेच आमचं दुखणं होतं. भांडणारं माणूस परवडतं, त्याच्याशी भांडता येतं.

ती माझ्या थोरल्या भावाची बायको. माहेर नागपूरचं. आम्ही खंडेराव गेटजवळचे, पिढ्यान्‌पिढ्या झाशीतच वाढलेले. घरात मराठी, जिन्यावर अर्धी मराठी आणि फाटकाबाहेर हिंदी. दादा रेल्वेच्या कचेरीत होता. लग्न ठरताना वहिनीने स्पष्ट सांगितलं होतं, "माझं पीएच.डी.चं काम चालू आहे, ते चालूच राहील." आमचे अण्णा मोठ्या मनाने हो म्हणाले. त्यांना वाटलं, शिवणाच्या क्लाससारखं काही असेल. दुपारचं जाईल, संध्याकाळी परत येईल.

तिचा विषय होता अणूच्या केंद्रकाचा. प्रयोग नाहीत, यंत्रं नाहीत, नुसतं गणित, आणि ते इतकं लांबलचक की माणसाच्या हाताने व्हायचं नाही, कानपूरच्या संगणकावर करायला लागायचं. केंद्रकाला आमच्याकडे हिंदीत नाभिक म्हणतात. अण्णा चारचौघांत अभिमानाने तोच शब्द वापरायचे. एकदा पुण्याहून माझी मावशी आली होती, तिलाही ते म्हणाले, "सूनबाई नाभिकांवर संशोधन करते आहे."

मावशी म्हणाली, "न्हाव्यांवर? म्हणजे समाजशास्त्र का?"

आम्ही सगळे हसलो. वहिनी हसली नाही. ती मावशीसमोर मांडी घालून बसली आणि समजावून सांगू लागली. "मावशी, असं बघा. लग्नात आतल्या पंगती भरलेल्या आहेत. तिथलं कुणी उठत नाही. बाहेर चार-दोन पाहुणे उभे आहेत. ते कुठे बसतील, कुणाशेजारी कोण बसलं तर कुणाला बरं वाटेल, एवढंच मी मोजते."

"एवढंच?" मावशी म्हणाली. "मग इतकी वर्षं कशाला लागतात?"

"कारण प्रत्येक पाहुणा एकाच वेळी थोडा थोडा सगळ्या जागांवर बसलेला असतो."

मावशी डोकं दुखतं म्हणून आडवी झाली. वहिनी तिच्या उशाशी बसून पुढचं सांगत राहिली. शेवटी आईने तिला कोथिंबीर आणायला पिटाळलं.

साधा प्रश्न विचारावा आणि साधं उत्तर मिळावं, असं तिच्याबाबतीत कधी झालं नाही. "वहिनी, भात झाला का?" तर "बहुतेक." अगं, झाकण काढून बघ ना! "ही साडी मला शोभते का?" तर "कशाच्या मानाने?" शेजारच्या त्रिवेदीकाकू दर महिन्याला विचारायच्या, "बहू, तुम्हारी पीएच.डी. कब पूरी होगी?" दुसरी एखादी बाई हसून "बस, हो ही गई" म्हणाली असती. ही दर महिन्याला कुठे अडलं आहे, ते काकूंना पहिल्यापासून सांगायची. काकूंनी पुढे विचारणं सोडलं, तर ही आपण होऊन कुंपणापाशी जाऊन सांगायला लागली.

स्वयंपाक तिला छान यायचा, पण अर्धाच. कढी गॅसवर ठेवून फोडणीचा वास सुटला की तिला काहीतरी आठवायचं आणि ती माडीवर निघून जायची. खालची कढी आमची. आई म्हणायची, "हिच्या हाताला चव आहे, पण हात जागेवर नाही."

या सगळ्यात माझी शिक्षा वेगळी होती. मी तेव्हा हिंदी साहित्य घेऊन बी.ए. करत होते आणि घरात रिकामी दिसायचे. मी वहिनीपेक्षा कितीतरी लहान, तरी ती मला जुन्या रीतीने 'वन्सं' म्हणायची. "वन्सं, जरा येता का?" अशी हाक आली की मैत्रिणी फाटकाशी ताटकळत राहायच्या आणि मी माडीवर आकडे वाचत बसायचे. दोन कणांमधल्या बळाचे आकडे तिने छापील कोष्टकांतून उतरवून घेतले होते. मी छापील वाचायचे, ती आपला उतारा तपासायची. "वजा एक पूर्णांक सहा तीन. अधिक शून्य पूर्णांक पाच. वजा..." पानंच्या पानं. घाईत एखादा वजा गिळला की ती मान वर न करताच म्हणायची, "वन्सं, चिन्ह?" आवाज चढलेला नाही, कपाळावर आठी नाही. मी मात्र आतून उकळत असायचे.

एकदा तिच्याबरोबर कानपूरला जायची पाळी माझ्यावर आली. दादाला सुट्टी नव्हती आणि आई तिला एकटं पाठवायला तयार नव्हती. आईला भीती वाटायची की ही विचार करता करता भलत्याच गावाला उतरेल. तेव्हा संगणकाला काय सांगायचं ते जाड कागदाच्या कार्डांवर भोकं पाडून सांगायला लागे. अशी कार्डांची भली मोठी पेटी मांडीवर घेऊन ती खिडकीशी बसली. मी म्हटलं, वर फळीवर ठेवू. म्हणाली, "नको, क्रम बिघडेल."

वाटेत मोठ गावच्या बाजारात बस थांबली. समोरून मटाराची पोती घेऊन एक बाई चढत होती. तिला हात द्यायला वहिनी उठली, दारापर्यंत गेली, आणि पेटी तिच्या काखेतून निसटून थेट रस्त्यावर पडली. भर बाजारात कार्डं पसरली. गाडीखाली, सायकलींमध्ये, एका गाईच्या पुढ्यात. सगळा बाजार धावला. जो तो चार-चार कार्डं गोळा करून आणून देत होता. एक धान्यवाला मूठभर कार्डं उलटीसुलटी करत म्हणाला, "काय बिन्नू, जे कौन खेल के पत्ता हैं?"

वहिनी म्हणाली, "खेल नहीं भैया, हिसाब है. नाभिक का."

"तौ जीतत को है?"

"अभी तक तो नाभिक."

कंडक्टर शिट्ट्या मारत होता. मी रडकुंडीला आले होते. ही धान्यवाल्याच्या ओट्यावर ठाण मांडून बसली. कार्डांचा गठ्ठा नीट लावलेला असताना तिने त्याच्या कडेवर लाल पेन्सिलीने एक तिरपी रेघ ओढून ठेवली होती. प्रत्येक कार्डाच्या कडेला त्या रेघेचा एक ठिपका आलेला. ठिपके ओळीत आले की क्रम बरोबर. ही युक्ती मला आधी सांगितली असती तर माझा जीव इतका टांगणीला लागला नसता. पण मी विचारलं नव्हतं, म्हणून तिने सांगितलं नव्हतं. बस गेली. ती ठिपके जुळवत बसली आणि मधूनमधून धान्यवाल्याला पंगतीचा दाखला देत राहिली. त्याने गिऱ्हाईक सोडून ऐकलं. दुसरी बस आली तेव्हा तो मला म्हणाला, "जिज्जी, तुमाई भौजी बड़ी पढ़ी-लिखी हैं, पै तुम खूब झेलत हो." माझं दुःख समजलेला तो जगातला पहिला माणूस.

अशा किती खेपा झाल्या, मोजल्या नाहीत. शेवटी एकदाचा प्रबंध पुरा झाला. टंकलेखन झालं, बांधणी झाली, निळ्या कापडी पुठ्ठ्याच्या जाड प्रती घरात आल्या. झाशीतल्याच एका कॉलेजात भौतिकशास्त्राची जागा निघाली होती. तिथल्या प्राचार्यांनी अण्णांना शब्द दिला होता की मुलाखतीपूर्वी प्रबंध सादर झाला तर जागा तुमच्या सुनेची. आईने गल्लीत पेढे वाटले. त्रिवेदीकाकूंना दोन जास्त दिले.

प्रबंध विद्यापीठात द्यायला अजून थोडे दिवस होते. तोंडी परीक्षेत काय विचारतील म्हणून वहिनी एक अगदी छोटं केंद्रक, ज्यात बाहेरचे कण दोनच, ते हाताने सोडवत जेवणघरात पाटावर बसली होती. आई पोळ्या लाटत होती, मी ताटं घेत होते. वहिनी एकाएकी म्हणाली, "अरे."

एवढंच. आईने लाटणं थांबवलं. तोवर आम्हाला तिचे सगळे आवाज कळायला लागले होते. हा नवा होता.

तिने दुसऱ्यांदा सोडवून पाहिलं, तिसऱ्यांदा पाहिलं. मग जेवली. व्यवस्थित जेवली, ताकभातसुद्धा घेतला. हात धुऊन आली आणि दादाला म्हणाली, "प्रबंध देता येणार नाही. चूक आहे."

दादा म्हणाला, "कुठे? शाईने दुरुस्त करू."

"पूर्ण तिसऱ्या आणि चौथ्या प्रकरणात."

तिने सांगितलं ते मला जितकं कळलं तितकं असं. कण स्वतःभोवतीही फिरतो आणि कक्षेतही फिरतो. हिशेब करताना आधी कोणतं फिरणं धरायचं हे ज्याने त्याने ठरवायचं असतं. तिने बळाचे आकडे घेतले त्या कोष्टकवाल्यांनी एक आधी धरलं होतं. केंद्रक वरच्या पायरीवरून खाली येताना किती जोराने किरण टाकतं ते काढणारा जो प्रोग्रॅम ती वापरत होती, त्यात दुसरं आधी धरलं होतं. दोघंही आपापल्या जागी बरोबर. पण दोन्ही एकत्र आणले की काही ठिकाणी अधिकच्या जागी वजा येत होता.

अण्णा म्हणाले, "म्हणजे उत्तर चूक आलं?"

"पायऱ्यांच्या उंच्या बरोबर आल्या. किरणांचा जोर फार कमी आला. मग मी सगळ्यांसारखा एक गुणक लावून तो फुगवला आणि प्रयोगाशी जुळवला. गुणक जरा मोठा लागत होता. मला तेव्हाच खटकलं होतं." मग आपल्यावरच वैतागल्यासारखी म्हणाली, "इतका मोठा कशाला लागेल?"

आईने विचारलं, "पण जुळलं ना शेवटी?"

"जुळवलं, आई. जुळलं नाही."

दुसऱ्याच दिवशी दादाने रेल्वेच्या फोनवरून कानपूरला निरोप दिला आणि त्या आठवड्यात तिचे मार्गदर्शक सर स्वतः झाशीला आले. उंच, गोरे, सफारी घातलेले, अतिशय सभ्य गृहस्थ. घरात पहिल्यांदाच आले होते, म्हणून आईने पुरणाचा बेत केला होता. वहिनीने त्यांना आग्रहाने वाढलं. जेवणं झाल्यावर बैठकीत ते तिला म्हणाले, "देखिए मैडम, गुणक सब लोग लगाते हैं."

"सब लोग इतना बड़ा नहीं लगाते, सर."

"परीक्षक नहीं पकड़ेंगे."

"मैंने तो पकड़ लिया न."

दादाने पानाचं तबक पुढे केलं. त्यांनी पान घेतलं नाही. खिडकीबाहेर बघत ते हळूच म्हणाले, "वह प्रोग्राम मेरा है. मेरे दो पेपर उसी पर खड़े हैं."

मला वाटलं, आता ही विरघळेल. बापाच्या वयाचा माणूस, घरी आलेला, असं म्हणतो आहे. दादाही तिच्याकडे बघत होता. ती म्हणाली, "जी सर, मालूम है. इसीलिए आपको पहले बताया." आणि उठून आत जाऊन त्यांच्यासाठी पुरणपोळ्यांचा डबा भरून घेऊन आली.

सर डबा घेऊन गेले. फाटकाशी अण्णांना म्हणाले, "आपकी बहू से बहस करना दीवार से बहस करना है." अण्णा म्हणाले, "प्रोफेसर साहब, दीवार कम से कम खाना नहीं परोसती." दोघंही हसले, पण दोघांच्याही चेहऱ्यावर हसू नव्हतं.

मुलाखतीचा दिवस गेला. जागा दुसऱ्याला मिळाली. आई कितीतरी दिवस वहिनीशी कामापुरतंच बोलत होती. एकदा न राहवून म्हणाली, "आता गल्लीतून पेढे परत मागून आणू का?" वहिनीने त्यावर खरोखर विचार केला आणि म्हणाली, "खाल्ले असतील." मला तिथेच ताट आपटावंसं वाटलं. आईने पदर तोंडाला लावला. ती रडते आहे असं वाटून मी जवळ गेले, तर ती हसत होती, आणि हसता हसता चिडत होती.

मग सगळं पहिल्यापासून. पुन्हा कार्डं, पुन्हा कानपूर, पुन्हा माझं आकडे वाचणं. सरांनी आधी संगणकाची वेळ द्यायला टाळाटाळ केली, मग दिली. माझं लग्न ठरलं, साखरपुड्याला सगळे जमले तेव्हाही ही कानपूरला. सासरच्यांना काय सांगायचं ते आम्हाला कळेना. संध्याकाळी आली, तेव्हा पाहुणे चहा घेत होते. ती पायरीवर बसून चपलांचे पट्टे सोडवत होती आणि चेहरा असा फुललेला की माझ्या सासूबाईंना वाटलं, माझ्याच साखरपुड्याचा आनंद आहे. मी बाहेर आले तर म्हणाली, "वन्सं, आपोआप आलं. गुणक अगदी साधा लागला, सगळ्यांना लागतो तेवढाच. आणि ते दुसरं केंद्रक होतं ना, तेही त्याच गुणकात बसलं. मी काही केलं नाही." मग माझ्या अंगावरच्या शालूकडे लक्ष गेलं आणि म्हणाली, "अय्या, आज होतं का?"

मी तिच्याशी माझ्या लग्नापर्यंत बोलले नाही. ते तिच्या लक्षात आलं की नाही, सांगता येत नाही.

पदवी मिळाली. सरांनी, खरं तर मनाचा मोठेपणा दाखवून, आपल्या जुन्या पेपरांची दुरुस्ती छापली. त्या दुरुस्तीच्या शेवटच्या ओळीत वहिनीचे आभार होते. बस, आभार. दादा चिडला, मी ग्वाल्हेरच्या सासरहून येऊन चिडले. ती म्हणाली, "आभार मानलेत की." कॉलेजातली जागा पुन्हा निघाली तेव्हा वय आड आलं. मुलींच्या एका इंटर कॉलेजात, म्हणजे बारावीपर्यंतच्या शाळेत, तिने जन्मभर विज्ञान शिकवलं. मुली तिला घाबरायच्या नाहीत, पण तिच्या तासाला गोंधळ घालून उपयोग नाही हे त्यांना कळलेलं असायचं. गोंधळातही ती शिकवत राहायची आणि परीक्षेत तेच यायचं.

पुष्कळ वर्षांनी, एकदा माहेरपणाला आले असताना, मेथी निवडता निवडता मी तिला विचारलं, "वहिनी, ती जागा गेली याचं तुला वाईट नाही का गं वाटलं?"

"वाटलं ना," ती म्हणाली. "खूप. कितीतरी दिवस त्या रस्त्यानेसुद्धा जात नव्हते. बाजाराला लांबून जायचे."

मी थक्क झाले. "मग बोलली का नाहीस कधी?"

"कुणी विचारलं नाही."

आता या बाईला काय म्हणावं? इतकी वर्षं आम्ही सगळे तिच्यावर वैतागत होतो की हिला कशाचं काही वाटत नाही. आणि ही बाजाराला लांबून जात होती. मी तिच्या हातातली जुडी ओढून घेतली आणि सगळी मेथी मीच निवडली. तीही चुकीची निवडली, असं तिने नंतर दाखवून दिलं.

पोटात गाठ निघाली तेव्हा दादा जाऊन दोन वर्षं होत आली होती. तिचा मुलगा परदेशातून निघायचा होता. मी झाशीच्या दवाखान्यात तिच्याजवळ राहिले. तरुण डॉक्टर होता, लाघवी, गोड बोलणारा. राऊंडला आला की म्हणायचा, "माताजी, आप बिल्कुल ठीक हो जाएँगी."

तिसऱ्या दिवशी तिने विचारलं, "कैसे मालूम?"

"रिपोर्ट अच्छी है, माताजी."

"रिपोर्ट मैंने भी पढ़ी है, बेटा. उसमें ऐसा नहीं लिखा."

तो हसला. मग म्हणाला की ऑपरेशन नेहमीचंच आहे. तिने विचारलं, अशा गाठीचं, या वयात, किती केलेत? त्याने सांगितलं. त्यातले किती बरे झाले? तो थोडा चाचरला. मी तिच्या दंडाला चिमटा काढला. मराठीत म्हटलं, "वहिनी, पुरे. तो धीर देतो आहे, तर घे ना जरा." ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "धीर आहे माझ्याकडे." आणि पुन्हा त्याला विचारू लागली. बाकीच्या खाटांवरच्या बायका आता उठून बसल्या होत्या. नर्स दारात थांबली होती. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

शेवटी तो डॉक्टर स्टूल ओढून तिच्या खाटेशी बसला. गळ्यातली तपासायची नळी काढून हातात धरली आणि म्हणाला, "सच बताऊँ माताजी? पता नहीं."

मी डोळे मिटून घेतले. अशा माणसाकडून कोणी हे वदवून घेतं का!

"बस, अब ठीक है," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावरचा ताण गेला होता, तो इतके दिवस होता हे मला तेव्हा कळलं. "कर डालो ऑपरेशन. और चाय पियोगे? थर्मस में है."

त्याने चहा घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा मुलगा पोचला आणि दुपारच्या गाडीने मला ग्वाल्हेरला परतायचं होतं. माझ्या नवऱ्याचीही तब्येत बरी नव्हती. निघायच्या वेळी मी पिशवी उचलून वॉर्डच्या दारापर्यंत गेले आणि मागे वळले. डॉक्टर तिच्या खाटेच्या कडेला बसून एका कागदाच्या पाठीवर पोटाचं चित्र काढत होता, कुठून कापणार ते दाखवत होता. तिने चष्मा नाकावर ओढला, त्याच्या हातातून पेन घेतलं आणि चित्रात काहीतरी सुधारलं. तो मान तिरकी करून बघायला लागला.

मी दारातून हात हलवला. मोठ्याने म्हटलंसुद्धा, "वहिनी, निघते गं."

तिचं लक्ष नव्हतं.